अभ्यासपाठ : सवयीच्या उंबरठ्याबाहेर

शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये, अध्याय 10



ह्या अध्यायात दोन पुरुष भेटतात. एक यापोत शिमोन चांभाराच्या घरी उतरलेला पेत्र, व दुसरा कैसरियातील शताधिपती कर्नेल्य. मंडळीत हा अध्याय वाचला म्हणजे आपण बहुधा कर्नेल्याविषयी बोलतो आणि तेथेच थांबतो. परंतु सावकाश वाचून पाहा. ह्यात अधिक ओढाताण झाली ती पेत्राची. त्यास एकच दर्शन तीन वेळा व्हावे लागले. जो इतरांस शिकवीत फिरत होता, त्यास एकदा सांगून पुरले नाही. मग परक्याच्या घरी गेल्यावरही तो आरंभी उपदेश करीत नाही. मला कशासाठी बोलाविले, असे विचारतो. ऐकून घेतल्यावर जे बोलतो, त्याचा आरंभ आपणास नव्याने काय उमजले येथून होतो.

ह्याच कर्नेल्याचे नाव आडनाव म्हणून लावणाऱ्या एका ख्रिस्ती घराण्यातील पुरुष पुढे आपल्या वर्धा जिल्ह्यात अनेक वर्षे राहून गेला. पुलगावाहून आगगाडीत बसलो तर तासाभराच्या आत आपण त्याच्या कामाच्या गावी पोहोचतो. तरी आपल्या मंडळ्यांत त्याचे नाव फारसे निघत नाही, ह्याचे मला नवल वाटते. ते जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस होत. त्यांचा जन्म 1892 मध्ये तंजावर येथे झाला. लंडनमध्ये ते हिशेबतपासनीस झाले, व मुंबईत त्यांची पेढी चांगली चालली होती. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला, आणि परकी सरकारच्या करपद्धतीने हिंदुस्थान कसा दरिद्री झाला ह्यावर एक निबंध लिहिला. 1929 मध्ये त्यांनी घराण्याचे जुने नाव पुन्हा धारण केले : कुमारप्पा.

तो निबंध घेऊन त्याच वर्षी मे महिन्यात ते साबरमतीस गांधीजींकडे गेले. अंगावर रेशमी विलायती पोशाख होता. झाडाखाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक वृद्ध सूत कातीत बसले होते. आपण ज्यांस भेटावयास आलो ते हेच, असे कळताच कुमारप्पा इस्त्रीच्या पाटलोणीची पर्वा न करता खाली बसले. कोणी खुर्ची आणली, ती त्यांनी घेतली नाही.

आता कोणी म्हणेल, ह्यात मोठे ते काय? ज्याच्या घरी खुर्चीच नाही, तो रोजच जमिनीवर बसतो. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच मी ह्या प्रसंगापाशी फार थांबत नाही. अंगास कष्ट देणे म्हणजे वाढ नव्हे. तसे असते तर आपल्या शेतमजूर भगिनी कधीच्याच सर्वांत पुढे गेल्या असत्या. कुमारप्पांची खरी कसोटी त्यानंतर लागली. निबंध छापण्याचे गांधीजींनी मान्य केले, पण त्यासोबत गुजरातेत खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी करण्यास सांगितले. कुमारप्पांस गुजराती येत नव्हती, व खेडे तर त्यांस मुळीच ठाऊक नव्हते. दोन विद्यापीठांतून शिकून आलेला हा मनुष्य गुजरात विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या मदतीने कुणब्याच्या दारी बसला, आणि तुझे पीक किती, कर्ज किती, गुरे किती, सारा किती, असे विचारू लागला. ती पाहणी 1931 मध्ये प्रसिद्ध झाली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. कुमारप्पांनी आपली विद्या टाकून दिली नाही. ते हिशेबनीसच राहिले. मात्र हिशेब कोणाचा मांडावयाचा, ते बदलले. 1934 च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा जमाखर्च त्यांच्याकडे होता. तेव्हा गांधीजींच्या मंडळींचा जादा खर्चसुद्धा त्यांनी त्या निधीतून होऊ दिला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि त्याचे काम पाहण्यासाठी ते वर्ध्यास मगनवाडीत आले. तेलघाणी, हातकागद, मधमाशा, वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप, ह्यांत त्यांची वर्षे गेली. तेथील मगन संग्रहालय 1938 मध्ये उघडले; ते आजही पाहता येते, व शब्बाथशाळेच्या मुलांस तेथे अवश्य न्यावे. पुढे जबलपूरच्या तुरुंगात असता त्यांनी येशूच्या शिकवणीवर एक पुस्तक लिहिले. 30 जानेवारी 1960 रोजी त्यांचे देहावसान झाले.

आपली खुर्ची कोणती, हे ज्याने त्याने शोधावे. उपदेशक बंधूंची खुर्ची बहुधा लाकडाची नसते. आपणास जे येते तेच बोलावे, जेथे आपणास गुरू म्हणून मान आहे तेथेच जावे, ही ती खुर्ची होय. हे मी स्वानुभवाने लिहितो.

नदीपलीकडील एका वस्तीत मी काही वर्षांपूर्वी प्रार्थनेस गेलो होतो. प्रार्थना आटोपताच एका वृद्ध बाईने पीककर्जाचा कागद माझ्या हाती दिला व म्हणाली, "पास्टरसाहेब, मले हे वाचून सांगा जी." मी वाचले, पण अर्थ लागेना. सेमिनरीत मी ग्रीक भाषेची धुळाक्षरे गिरविली होती. व्याजाचा तो तक्ता मात्र मला उलगडला नाही. पुढच्या वेळी सांगतो, असे म्हणून मी निघालो. मग ती पुढची वेळ येईना. कधी पाऊस, कधी लग्नसराई, कधी दुसऱ्या मंडळीची सभा. कारणे सापडत गेली, आणि प्रत्येक कारण खरेच होते. असे जवळजवळ एक वर्ष गेले. त्या काळात माझे उपदेश बिघडले असे कोणी म्हटले नाही. पण मी तेच ते सांगत होतो, हे मला कळत होते.

शेवटी मी बँकेत जाऊन एका तरुण कारकुनाजवळ बसलो, व मुद्दल, व्याज, मुदत हे सर्व लहान मुलासारखे विचारून घेतले. दोन वेळा चुकलो. तो हसला, मीही हसलो. नंतर वस्तीवर गेलो. बाई अंगणात तुरी पाखडीत होती. तिने मला ओळखले, सूप खाली ठेवले, आणि विचारले, "समजलं का जी तुमाले?" मी होय म्हटल्यावर ती आत गेली व कागद घेऊन आली. तिच्यामागून शेजारच्या दोघीतिघी आपापले कागद घेऊन आल्या. त्यांतील एक कागद मला अजून समजलेला नाही. तो घेऊन सोमवारी पुन्हा त्या कारकुनाकडे जावयाचे आहे.

वर्गात हा पाठ घेताना अध्याय 10 मधील वचने 9 ते 29 मोठ्याने वाचवून घ्यावी, आणि पेत्र कोठे कोठे अडखळला ते सभासदांसच शोधू द्यावे. त्यानंतर प्रत्येकाने अशा एका घराचे नाव मनात आणावे, जेथे आपणास काही येत नाही म्हणून आपण जाण्याचे टाळतो. नाव सांगण्याचा आग्रह धरू नये.