पूर्वज सरदार की बारगीर? : एका मोडी यादीचे वाचन

आपला पूर्वज पानिपतावर सरदार होता, असे सांगणारी घराणी पुष्कळ आहेत. या परंपरेची पारख करावयाची तर मोडी कागदांकडे वळावे लागते. पेशवाईचे असे असंख्य कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात जतन केलेले आहेत. त्यांतील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत संपादित केले.

मोडी वाचताना पहिली अडचण येते ती शब्द तोडण्याची. लेखनिक आधी आडवी रेघ ओढून घेई व मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. शब्दांमध्ये जागा नसते, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेदही पाळलेला नसतो. 'शिलेदार' हा शब्द 'सिलेदार' असाही आढळतो. अक्षरापुढील दोन उभे दंड शब्दाचा संक्षेप दाखवितात. 'प॥' म्हणजे परगणा. तेच दंड आकड्यापुढे आले की अर्धा असा अर्थ होतो. '१०॥' म्हणजे साडेदहा.

यानंतर कालनिर्णय. समजा, हजिरीच्या एका यादीवर 'इहिदे सितैन मया व अलफ' असे लिहिले आहे. हे अरबी संख्याशब्द होत. एक, साठ, शंभर व हजार मिळून ११६१ हे सुहूर वर्ष येते. हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होते. म्हणून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ व जानेवारीपासून ६०० मिळवावेत. आपले वर्ष १७६०-६१ ठरते; पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी, याच वर्षात झाली.

आता नावाजवळचा शब्द पाहावा. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. बारगीर सरकारी पागेच्या किंवा दुसऱ्याच्या घोड्यावर बसे. गोलंदाज तोफखान्यात असे, तर गाडदी कवायती पायदळात. यादीत 'बारगीर' असे स्पष्ट असताना घराण्याच्या अभिमानापोटी 'सरदार' वाचण्याचा मोह अभ्यासकाने टाळावा. नुसते नाव जुळणेही पुरेसे नाही. वडिलांचे नाव व गाव जुळले पाहिजे. आणि एवढे सर्व जुळले तरी तो त्या वर्षी चाकरीत होता, इतकेच सिद्ध होते. तो रणांगणावर होता, हे सांगण्यास दुसरा कागद हवा. तो मिळेपर्यंत त्याला बारगीर म्हणावे. त्यात त्याचा काही उणेपणा नाही.