ट्रॅक्टरचा अल्टरनेटर व पट्टा बदलणे

इंजिन चालू असताना बॅटरीचा तांबडा दिवा विझत नसेल, तर बॅटरीत वीज भरली जात नाही असे समजावे. पुष्कळ ट्रॅक्टरांत हाच पट्टा पंखा व पाण्याचा पंपही फिरवितो. तो तुटल्यास इंजिन तापून मोठी हानी होते. म्हणून पेरणीपूर्वीच त्याची तपासणी करावी.

पट्टा सैल असल्यास ताणावा, चिरा पडल्या असल्यास बदलावा. पट्टा व तारांचे जोड ठीक असूनही, इंजिन चालू असता १२ व्होल्टच्या बॅटरीवर सुमारे १४ व्होल्ट दाब मिळत नसेल, तर दोष बहुधा अल्टरनेटरचा असतो.

इंजिन थंड झाल्यावर प्रथम बॅटरीची ऋण तार काढावी. अल्टरनेटरच्या तारांवर खुणा करून त्या सोडवाव्यात. ताणपट्टीचा बोल्ट सैल करून पट्टा उतरवावा व अल्टरनेटर काढावा. नवा अल्टरनेटर व पट्टा त्याच मापाचे असावेत. पट्टा खाचेत बसवून पुस्तिकेत दिल्याइतकाच ताणावा. अती ताणल्यास बेअरिंग झिजते, सैल राहिल्यास पट्टा घसरतो. खुणांप्रमाणे तारा जोडून ऋण तार शेवटी लावावी.

इंजिन चालू असता बॅटरीची तार कदापि काढू नये. त्याने नवा अल्टरनेटरही निकामी होतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे काम गावात प्रत्यक्ष करून दाखवावे.