कीटकनाशकांच्या गोदामास आग लागल्यास

बंगळुरूतील कार्लटन टॉवर्स इमारतीस २३ फेब्रुवारी २०१० रोजी लागलेल्या आगीत नऊ जण दगावले. धुरात कोंडल्यामुळे काहींनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. कीटकनाशकांच्या गोदामातील धूर तर विषारीही असतो. म्हणून वारा ज्या बाजूने येतो, त्या बाजूस माणसे प्रथम हलवावीत. १०१ किंवा ११२ वर कळवताना आत कोणती रसायने आहेत तेही सांगावे. साठा नोंदवहीची प्रत गोदामाबाहेर असावी ती याचसाठी. आतली नोंदवही त्या वेळी निरुपयोगी.

बादली उचलण्यापूर्वी ॲल्युमिनियम फॉस्फाईड आठवावे. साठवणीच्या धान्यातील किडींसाठी वापरल्या जाणाऱ्या या गोळ्या पाणी लागताच फॉस्फीन हा विषारी वायू सोडतात आणि तो हवेत आपोआप पेटू शकतो. येथे कोरडी वाळू किंवा कोरड्या पावडरचे अग्निशामक यंत्रच वापरावे.

अन्य कीटकनाशकांवरही पाण्याचा मारा बेतानेच व्हावा. १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाची आग विझवताना वापरलेले पाणी कीटकनाशकांसह ऱ्हाईन नदीत गेले आणि असंख्य मासे मेले. आपल्याकडे नदीच्या जागी बहुधा विहीर असते. ती गोदामाच्या उताराला असल्यास वाळूची पोती दाराशी आधीच रचून ठेवावीत.