हेरखात्याचे प्रमुख कॅमेऱ्यासमोर खरं बोलतात का?

प्रश्न : ‘द गेटकीपर्स’ हा माहितीपट नुकताच पाहिला. इस्रायलच्या अंतर्गत गुप्तचर संस्थेचे सहा माजी प्रमुख त्यात चक्क समोर बसून बोलतात. अशी माणसं तोंड उघडतात तरी कशी? आणि ज्यांचा सगळा जन्म लपवाछपवीत गेला, त्यांच्या बोलण्यावर विश्वास किती ठेवायचा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग आधी घेतो, कारण त्यामागची हकिगत फारशी कुणाला ठाऊक नसते.

ज्या संस्थेबद्दल आपण बोलतोय ती शिन बेत. तिच्या प्रमुखाचं नाव पदावर असेपर्यंत जाहीर होत नसे, वर्तमानपत्रांत फक्त एक अक्षर छापून येई. 1996 मध्ये अमी अयालोन प्रमुख झाले तेव्हा ही प्रथा मोडली. मग नोव्हेंबर 2003 मध्ये एक अनपेक्षित गोष्ट घडली. आव्राहाम शालोम, याकोव पेरी, कार्मी गिलोन आणि अयालोन या चार माजी प्रमुखांनी ‘येदिओत आहरोनोत’ या दैनिकाला एकत्र मुलाखत दिली. पॅलेस्टिनींशी राजकीय तोडगा काढला नाही तर देश खड्ड्यात जाईल, असा त्यांचा सूर होता. दिग्दर्शक द्रोर मोरे पुढे पंतप्रधान आरिएल शारोन यांच्यावर माहितीपट करत होते. गाझातून माघार घेण्याच्या शारोन यांच्या निर्णयामागे या मुलाखतीचाही हात होता, असं मोरे यांना त्या वेळी कळलं. एरॉल मॉरिस यांचा ‘द फॉग ऑफ वॉर’ त्यांनी पाहिलेला होता. व्हिएतनाम युद्धाच्या काळातले अमेरिकी संरक्षणमंत्री मॅक्नमारा त्यात म्हातारपणी स्वतःच्या निर्णयांचा हिशेब देतात. तसंच काही इथे करावं म्हणून मोरे आधी अयालोन यांच्याकडे गेले आणि तिथून बाकीची दारं उघडत गेली. 2012 मध्ये चित्रपट आला, तेव्हा मूळ चौघांच्या जोडीला आवी दिख्तर आणि युवाल दिस्किनही होते. थोडक्यात, कुणीतरी गोड बोलून त्यांच्या तोंडून काढून घेतलं असं झालेलं नाही. यांतल्या चौघांना बोलायचंच होतं.

आता विश्वासाचं. माझं मत असं की हा चित्रपट गुपितं ऐकण्यासाठी पाहू नये. हमास या पॅलेस्टिनी संघटनेचा बॉम्ब बनवणारा याह्या अय्याश जानेवारी 1996 मध्ये गाझात मोबाईलमध्ये दडवलेल्या स्फोटकाने मारला गेला. हे जगाला माहीतच होतं. नवं आहे ते ही माणसं कुठे मोकळी होतात आणि कुठे अडखळतात ते. माझ्या लेखी खरा पुरावा तोच.

त्यासाठी शालोम यांचा भाग पुन्हा एकदा पाहा. खांद्यावरून पट्टे असलेली पँट, चौकड्यांचा शर्ट, कुणाचेही आजोबा शोभावेत असा माणूस. हा व्हिएन्नात जन्मला आणि 1960 मध्ये नाझी अधिकारी आइकमनला अर्जेंटिनातून पकडून आणणाऱ्या पथकात होता. एप्रिल 1984 मध्ये तेल अवीवहून अश्कलोनला निघालेली 300 क्रमांकाची बस चार पॅलेस्टिनींनी पळवली. सैनिकांनी बसवर धावा केला आणि चौघेही ठार झाले असं जाहीर झालं. पण छायाचित्रकार आलेक्स लेवाक यांच्या कॅमेऱ्यात त्यांतला एक जण जिवंत, बेड्या घातलेला, दोन माणसांच्या मधून चालताना टिपला गेला होता. जिवंत पकडलेल्या दोघांना शिन बेतच्या लोकांनी नंतर मारून टाकलं होतं. हुकूम शालोम यांचा होता. पुढे चौकशीची दिशा एका लष्करी अधिकाऱ्याकडे वळवण्याचा डावही खेळला गेला. शेवटी 1986 मध्ये शालोम पदावरून गेले, पण खटला चालण्याआधीच राष्ट्रपती हाइम हर्झोग यांनी त्यांना आणि इतरांना माफी देऊन टाकली.

मोरे त्यांना यावर विचारतात तेव्हा शालोम आधी टाळतात, आठवत नाही म्हणतात, वैतागतात. मोरे प्रश्न सोडत नाहीत. शेवटी उत्तर येतं की दहशतवादाशी लढताना नैतिकता वगैरे विसरावं. हे ऐकताना अंगावर काटा येतो, पण ते खोटं वाटत नाही, कारण या उत्तरातून बोलणाऱ्याचा काहीच फायदा नाही. हाच म्हातारा पुढे, स्वतःच्याच देशाच्या सैन्याबद्दल बोलताना, दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजा जिंकलेल्या प्रदेशांतल्या लोकांशी जशा वागल्या त्याच्याशी तुलना करतो. ज्यूंच्या संहाराशी नव्हे, हे तो स्पष्ट करतो. व्हिएन्नातल्या ज्यू कुटुंबात जन्मलेला माणूस हे तोंडातून काढतो तेव्हा सहज काढत नसणार.

दिख्तर यांचा सूर वेगळा. ते प्रमुख असताना, जुलै 2002 मध्ये, हमासच्या सालाह शहादाला मारण्यासाठी गाझातल्या दाट वस्तीवर एक टनाचा बॉम्ब टाकला. त्याच्यासह त्याची बायको, मुलगी आणि शेजारपाजारची कितीतरी लेकरं गेली. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये शेख अहमद यासीन यांच्यासह हमासचे मोठे नेते एकाच घरात जमले, तेव्हा आधीच्या प्रकाराची आठवण ठेवून पाव टनाचा बॉम्ब वापरला. तेवढ्याने वरचा मजला उडाला. नेते तळमजल्यावर होते, ते निघून गेले. दिख्तर हे सांगतात तेव्हा हिशेब टनांत आणि मजल्यांत चालतो. या सहाही जणांना पश्चात्ताप झाला असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, की दिख्तर पुढे राजकारणातच राहिले, 2022 च्या अखेरीस कृषिमंत्री झाले आणि नोव्हेंबर 2023 मध्ये गाझातल्या विस्थापनाला त्यांनी टीव्हीवर ‘गाझाचा नकबा’ म्हटलं. नकबा म्हणजे 1948 मध्ये पॅलेस्टिनींना घरंदारं सोडावी लागली तो काळ.

चित्रपटाची मोठी उणीवही सांगायलाच हवी. तासन् तास चौकशी झालेले, खबरी व्हायला भाग पाडलेले, इस्पितळात जायच्या परवान्यासाठी ताटकळलेले लोक यात बोलत नाहीत. माझ्या लक्षात राहिलेला पॅलेस्टिनी आवाज मानसोपचारतज्ज्ञ इयाद सराज यांचा. तुम्हाला दुःखात पाहणं हाच आमचा विजय, असं ते दुसऱ्या इंतिफादाच्या, म्हणजे पॅलेस्टिनी उठावाच्या, काळात म्हणाले होते. पण तेही आपल्यापर्यंत येतं अयालोन यांच्या तोंडून. आधी गोळ्या झाडायच्या आणि मग रडायचं, अशी टीका इस्रायलमध्येच अशा कथनांवर होत आली आहे. ती इथेही अगदीच गैरलागू नाही.

तरीही मी हा चित्रपट मोलाचा मानतो. आपल्याकडे भारतात तर असं बोलणं अवघडच. 2021 मध्ये निवृत्तिवेतनाच्या नियमांत बदल झाला. तेव्हापासून गुप्तचर खात्यातल्या निवृत्तांना कामाशी संबंधित काही छापायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते. सुरक्षेची काळजी मला समजते. पण वर्षानुवर्षं चाललेल्या संघर्षात आपल्या नावाने काय काय केलं गेलं, हे लोकांना कधीच कळू नये, हे मला पटत नाही.

तुम्ही ‘द गेटकीपर्स’ पाहिलाच आहे, तर आता ‘5 ब्रोकन कॅमेराज’ पाहा. दोन्ही चित्रपट एकाच वर्षी ऑस्करच्या अंतिम यादीत होते. वेस्ट बँकमधल्या बिलीन गावच्या इमाद बुरनात यांनी 2005 मध्ये चौथा मुलगा झाला म्हणून कॅमेरा घेतला आणि गावच्या शेतजमिनीतून इस्रायलचं कुंपण जाताना, त्याविरुद्ध मोर्चे निघताना ते चित्रण करत राहिले. गाय दाविदी या इस्रायली दिग्दर्शकासोबत त्यांनी ते जुळवलं. एकामागोमाग एक पाच कॅमेरे फुटले. शिन बेतच्या प्रमुखांनी ज्या लोकांकडे वरून पाहिलं, ते लोक आणि त्यांची घरं इथे जमिनीवरून दिसतात.