संस्थेचा स्वतःचा सुरक्षा रक्षक आणि कायदा

कारखाना, सहकारी बँक, महाविद्यालय, बाजार समितीचे आवार किंवा गृहनिर्माण संस्था यांच्या दाराशी उभ्या असलेल्या रक्षकाला कोणी नेमले आहे, हे त्याच्या गणवेशावरून ओळखता येत नाही. काम एकच, रात्रपाळी तीच आणि जोखीमही तीच. कायदा मात्र प्रथम हाच प्रश्न विचारतो. अभिकरणामार्फत, म्हणजे रूढ भाषेत एजन्सीमार्फत, आलेल्या रक्षकासाठी महाराष्ट्रात दोन विशेष कायदे लागू आहेत. संस्थेने थेट नेमलेला रक्षक त्या दोहोंच्या कक्षेबाहेर राहतो.

यांपैकी पहिला कायदा राज्याचा आहे. एजन्सीच्या रक्षकांना मिळणारे तुटपुंजे वेतन व त्यांच्या नोकरीची अशाश्वती लक्षात घेऊन महाराष्ट्र खाजगी सुरक्षा रक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९८१ करण्यात आला. माथाडी कामगारांसाठी १९६९ मध्ये झालेल्या कायद्याप्रमाणेच येथेही मंडळाची रचना स्वीकारण्यात आली. रक्षकाची नोंदणी मंडळाकडे होते, मुख्य मालकही तेथेच नोंदला जातो आणि वेतन व लेव्ही मंडळाकडे भरावी लागते. परंतु कारखान्याच्या किंवा आस्थापनेच्या थेट व नियमित सेवेत नसलेल्या रक्षकांनाच हा अधिनियम लागू होतो, असे त्याच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे.

दुसरा कायदा केंद्राचा, खाजगी सुरक्षा अभिकरणे (विनियमन) अधिनियम, २००५, हा होय. त्यात खाजगी सुरक्षा रक्षकाची व्याख्या व्यापक आहे. एजन्सीचा तीत उल्लेखही नाही. तथापि परवाना, प्रशिक्षण, चारित्र्य पडताळणी, शारीरिक पात्रता व छायाचित्रासह ओळखपत्र यांविषयीची बंधने घातली आहेत ती सुरक्षा सेवा पुरविण्याचा व्यवसाय करणाऱ्या अभिकरणावर. केंद्राच्या आदर्श नियमांनुसार एजन्सीच्या रक्षकाने १०० तासांचे वर्गशिक्षण व ६० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावयाचे असते. शाळेने स्वतः नेमलेल्या पहारेकऱ्याला या कायद्यान्वये एक तासाचेही प्रशिक्षण सक्तीचे नाही. ही उणीव केवळ आपल्याकडचीच आहे असे नाही. ब्रिटनमध्येही २००१ च्या कायद्याने कंत्राटी रक्षकाला परवाना आवश्यक केला. मद्यालयाचे द्वाररक्षक व वाहने अडकवून ठेवणारे यांसारखे अपवाद सोडता संस्थेच्या स्वतःच्या रक्षकाला तो लागत नाही.

प्रत्यक्ष व्यवहारात खरी अडचण उद्भवते ती ‘थेट व नियमित’ या दोन शब्दांपाशी. मंडळाची लेव्ही टाळण्यासाठी एजन्सीच्या माणसांची नावे संस्थेच्या हजेरीपटावर चढविली, तरी तेवढ्याने ती थेट सेवेत आली असे होत नाही. नेमणूकपत्र कोणाच्या सहीचे आहे, पगार कोणाच्या खात्यातून जातो, रजा कोण मंजूर करतो, भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा कोण भरतो आणि कामावरून कमी करण्याचा अधिकार कोणाचा, या सर्व बाबी तपासाव्या लागतात. याउलट, गावातील एखाद्या निवृत्त जवानाने दहा तरुण गोळा करून दोन-तीन संस्थांना रखवालदार पुरविण्यास प्रारंभ केला, तर तो कितीही सद्हेतूने केलेला असला तरी सुरक्षा सेवेचा व्यवसाय ठरतो आणि त्यास परवाना लागतो. विनापरवाना अशी सेवा पुरविणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, २५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ओळखीच्या माणसाकडून तोंडी बोलीवर रखवालदार घेणाऱ्या मुख्याध्यापकांनी व पदाधिकाऱ्यांनी हा मुद्दा विशेष लक्षात ठेवावयास हवा.

विशेष कायद्यांबाहेर राहिला म्हणून थेट नेमलेला रक्षक अगदीच निराधार मात्र ठरत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या श्रम संहिता आस्थापनांना लागू आहेत. पूर्वी किमान वेतन अनुसूचित उद्योगांपुरते मर्यादित होते. वेतन संहितेने ही मर्यादा काढून टाकली. ठरलेल्या तासांपेक्षा अधिक कामाचा मोबदला नेहमीच्या दराच्या दुपटीहून कमी असता कामा नये, अशीही तीत तरतूद आहे. दोन रखवालदार ठेवून बारा-बारा तासांच्या पाळ्या लावण्याची सवय अनेक संस्थांना जडली आहे. त्यांचा हिशेब येथे चुकतो. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने प्रत्येकास नेमणूकपत्र देणेही बंधनकारक झाले आहे.

रक्षक थेट नेमलेला असो वा एजन्सीचा, गणवेश चढविल्याने त्याला पोलिसांचे अधिकार मिळत नाहीत. लष्कर किंवा पोलीस यांच्यासारखा दिसणारा पोशाख वापरणे हाच मुळी २००५ च्या अधिनियमानुसार अपराध आहे. त्याचा अटकेचा अधिकार सामान्य नागरिकाएवढाच असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ४० नुसार, आपल्या समक्ष दखलपात्र व अजामीनपात्र अपराध करणाऱ्यास किंवा उद्घोषित अपराध्यास त्याला पकडता येते. मात्र पकडलेल्या व्यक्तीला विनाकारण विलंब न करता, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन केले पाहिजे. भुरट्या चोरीच्या संशयावरून एखाद्या मुलाला रात्रभर कोठीत कोंडून ठेवले, तर तो बेकायदा अटकाव ठरतो. त्याचा फौजदारी दोष रक्षकावर येतो आणि कर्तव्याच्या ओघात हे घडले असल्यास नुकसानभरपाईचा दावा संस्थेवरही दाखल होऊ शकतो.