भीतीला बोलू द्या

शिरूर तालुक्यातलं रांजणगाव आणि दौंडमधलं कुरकुंभ, दोन्ही औद्योगिक वसाहतींत अधिकाऱ्यांना ‘आउटबाउंड’ला, म्हणजे साहसी शिबिराला, नेण्याची पद्धत आता रुळली आहे. मी कुरकुंभच्या एका रसायन कारखान्यात उत्पादन सांभाळतो. आमचं पहिलं शिबिर दौंडच्या बाजूला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर झालं. रिकामे ड्रम, बांबू आणि दोर घेऊन तराफा बांधायचा, पाण्यातल्या खुणेला वळसा घालून परत यायचं.

आमच्या देखभाल विभागाच्या प्रमुखांना पोहता येत नव्हतं. त्यांनी तसं सांगितलं. प्रशिक्षक सगळ्यांसमोर म्हणाले, “साहेब, तुम्हीच घाबरलात तर पोरांनी कुणाकडे बघायचं?” टाळ्यांच्या गजरात ते तराफ्यावर चढले. लाइफ जॅकेटचे पट्टे नीट लागतही नव्हते. दुपारी वारा सुटला, एक गाठ सैल झाली आणि ते पाण्यात गेले. जवळच जाळी टाकणाऱ्या मासेमाराने त्यांना होडीत ओढून घेतलं.

जीव वाचला, नुकसान पुढे दिसलं. हा माणूस बैठकीत शंका काढेनासा झाला. एकदा व्हॉल्व्हच्या दुरुस्तीसाठी प्लांट आणखी एक पाळी बंद ठेवायला हवा, असं वाटूनही ते गप्प राहिले. एका ऑपरेटरने हटकलं म्हणून निभावलं. ‘थांबा, मला हे धोक्याचं वाटतंय’ असं म्हणणारा माणूस रसायनाच्या कारखान्यात सगळ्यांत मोलाचा असतो. त्यालाच आम्ही गप्प केलं होतं.

उजनीचं पाणी संथ दिसतं, पण वारा फिरला की ते ओळखू येत नाही. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. टाकळी हाजीजवळच्या कुकडी नदीतल्या रांजणखळग्यांचंही तसंच. त्यांच्या गुळगुळीत कडांवर हाताला पकड मिळत नाही. तिथे उतरण्याची टूम कुणी काढली तर साफ नकार द्या.

पुढचं शिबिर आम्ही ताम्हिणीच्या बाजूला, गिर्यारोहकांकडे केलं. तिथे आधी गुडघाभर उंचीवर दोराला लटकायचं, आपलं वजन तो पेलतो हे अंगाला कळू द्यायचं, मग दुसऱ्याचा दोर सांभाळायचा. कुठूनही मागे फिरायची मुभा. आमचे कारखानाप्रमुख सुरुवातीलाच म्हणाले, “उंचीवर माझे पाय लटपटतात.” त्यानंतर प्रत्येक जण मोकळेपणाने बोलू लागला. देखभालप्रमुखांनी त्या दिवशी फक्त दोर सांभाळला. दुसऱ्या सकाळी ते आपणहून कड्यावरून उतरले.

अशा शिबिरांचं मूळ असलेलं ‘आउटवर्ड बाउंड’ १९४१ मध्ये वेल्समध्ये सुरू झालं ते तरुण खलाशांना समुद्रात तग धरता यावा म्हणून. माणूस जगावा हाच त्यामागचा हेतू होता, कुणाची मर्दुमकी जोखायची नव्हती.

म्हणून शिबिर ठरवण्याआधी आयोजकाकडे पर्यटन संचालनालयाचं नोंदणीपत्र मागा; राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात ती नोंदणी आहे. दोर, हेल्मेट, जॅकेट स्वतः हाताळून पाहा. जवळचं रुग्णालय किती लांब आहे ते विचारा. नकार देणाऱ्याला काय काम देणार, हेही विचारा. याचं उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याला काम देऊ नका. आणि तुम्ही वरिष्ठ असाल, तर पहिल्या दिवशी आपली भीती सगळ्यांआधी तुम्हीच सांगा.