आडव्या रेघा, मोठा काठ आणि डोळ्याचा अंदाज

प्रश्न : माझी उंची पाच फुटांच्या आत आहे आणि अंगाने मी भरलेली आहे. आडव्या रेघांचं कापड कुर्त्यासाठी घेऊन गेले, तर आमचे नेहमीचे शिंपीकाका म्हणाले, "ताई, हे नको, अजून रुंद दिसाल. उभ्या रेघा घ्या, नाहीतर सरळ काळं घ्या." आई म्हणते, मोठ्या काठाची साडी बुटक्या बाईला शोभत नाही. मे महिन्यात भावाचं लग्न आहे. यातलं खरं किती?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : रेघांपासून सुरुवात करू, कारण शिंपीकाकांचं म्हणणं तिथेच सगळ्यात कच्चं आहे.

कोऱ्या कागदावर पेन्सिलीने दहा-दहा सेंटिमीटरचे दोन चौकोन आखा. एकात फक्त आडव्या रेघा भरा, दुसऱ्यात फक्त उभ्या. मग बाहेरची चौकट खोडून टाका आणि कागद हातभर लांब धरून पाहा. आडव्या रेघांचा चौकोन उंच आणि अरुंद वाटेल, उभ्या रेघांचा पसरट. पट्टीने मोजले तर दोन्ही सारखेच. ही गंमत जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी दृष्टिविज्ञानावरच्या आपल्या १८६७ च्या ग्रंथात नोंदवली आणि तिथेच त्यांनी लिहून ठेवलं, की आडव्या रेघांच्या झग्यात बाई उंच दिसते. कारण साधं आहे. मोकळ्या जागेपेक्षा भरलेली जागा डोळ्याला मोठी वाटते. रेघा एकाखाली एक येत गेल्या की वरपासून खालपर्यंतचं अंतर भरत जातं आणि वाढते ती उंची. उभ्या रेघा शेजारी शेजारी येतात, त्यामुळे रुंदी भरते.

तरीही जगभरचे शिंपी आणि फॅशनची मासिकं उलटंच सांगत राहिली. शेवटी इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातले पीटर थॉम्प्सन आणि किरियाकी मिकेलिडू यांनी ते तपासलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत आडव्या रेघांच्या चौकोनाइतकी उंची दिसावी म्हणून उभ्या रेघांचा चौकोन ७.१ टक्के उंच करावा लागला. उभ्या रेघांच्या चौकोनाइतकी रुंदी दिसावी म्हणून आडव्या रेघांचा चौकोन ४.५ टक्के रुंद करावा लागला. कागदावरचं चित्र सपाट आणि माणूस गोल, हा आक्षेप येणार हे ओळखून त्यांनी दंडगोल आणि दुकानातल्यासारखा पुतळा घेऊनही पाहिलं. आडव्या रेघा जाड दाखवतात, याला कुठेच आधार मिळाला नाही.

पण तुम्ही अंगाने भरलेल्या आहात असं लिहिलंय, म्हणून पुढचंही सांगायलाच हवं. २०१३ मध्ये हिरोशी आशिदा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या अंगकाठीच्या आकृत्या लोकांपुढे ठेवल्या. आडव्या रेघांचा फायदा सडपातळ आकृतीला ठळक मिळाला, स्थूल आकृतीला तसा मिळाला नाही. शिवाय कागदावरची रेघ सरळच राहते. अंगावरची रेघ छातीवर, पोटावर वळते, आणि कापड ताणलं गेलं की ते वळण लगेच नजरेत भरतं. म्हणजे आडव्या रेघा तुमचं नुकसान करणार नाहीत, पण कुर्ता अंगावर तंग बसला तर त्या तंगपणाचा पुरावा मात्र देतील. रेघा बारीक आणि जवळजवळ घ्या, आणि कुर्ता अंगाला चिकटणार नाही इतपत सैल शिवून घ्या. ते कापड परत करू नका.

रत्नागिरीकरांना आडव्या नक्षीचं एक मोठं उदाहरण तसं घरचंच आहे. ब्रह्मदेशाचा थिबा राजा १८८६ मध्ये इथे कैदेत आला, १९१० मध्ये त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्यात राहायला गेला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. त्या ब्रह्मी दरबाराचं मानाचं रेशीम म्हणजे अचेक. त्याच्यावर लाटांसारखी आडवी नक्षी असते, आणि शंभराच्या आसपास छोटे धोटे हाताने फिरवून ती विणतात. कमरेपासून पावलांपर्यंत लाटांवर लाटा. त्या वस्त्रात बाई आखूड दिसत नाही, कारण ते पायांभोवती सरळ, अरुंद गुंडाळलेलं असतं. वस्त्राची बाहेरची कड लांब आणि सरळ असली की आतल्या रेघा कशाही असोत, डोळा आधी ती कड धरतो. माझ्या मते कपड्यांबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ती ही : रेघ कुठे जाते यापेक्षा रंग कुठे तुटतो आणि कड कुठे थांबते ते पाहा.

काळ्या रंगाबद्दल शिंपीकाका बरोबर आहेत, पण अर्धेच. काळ्यावरचा पांढरा ठिपका पांढऱ्यावरच्या तेवढ्याच काळ्या ठिपक्यापेक्षा मोठा दिसतो. उजळ ग्रह आहेत त्यापेक्षा मोठे भासतात, हे गॅलिलिओच्या काळापासून माहीत आहे. काळ्यात चुण्यांच्या आणि उंचवट्यांच्या सावल्याही बुडतात, म्हणून पोट कमी जाणवतं. पण आतलं लपवणारा काळा रंग बाहेरची कड लपवत नाही. पांढऱ्या भिंतीपुढे किंवा भर उन्हात ती उलट जास्त रेखीव दिसते. त्यातही काळं सॅटिन घेतलंत तर प्रत्येक उंचवट्यावर चमक येणार, म्हणजे उपयोग शून्य. आणि कोकणातल्या मे महिन्यात काळ्या कपड्यावर पाठीला घामाचे पांढरे डाग उमटतात, ते वेगळंच. गडद हवंच असेल तर काळ्यावाचून अडत नाही. जांभळा, बाटलीसारखा हिरवा, गडद निळा हे रंगही तेच काम करतात. कापड मात्र चमक नसलेलं हवं.

आता आईचा मुद्दा. हा सगळ्यात महत्त्वाचा, आणि आईचं निरीक्षण चांगलं आहे. सहावारीचा काठ पावलांभोवती गोल फिरतो. साडीच्या अंगाचा रंग वरून खाली येतो आणि काठाशी तुटतो. काठ आठ इंची असला तर पायाची लांबी तिथेच संपल्यासारखी वाटते. उंच बाईला ते आठ इंच परवडतात, तुम्हाला जाणवतात. पण तोच काठ नऊवारीत पाहा. मागे कासोटा खोचला की काठ कमरेखाली उभा उतरतो आणि पोटऱ्यांवर तिरका वळतो. सहावारीत आडवा पडलेला काठ नऊवारीत उभा होतो, दोन्ही पाय वेगवेगळे दिसतात, चाल दिसते. भाताच्या लावणीला वाकणाऱ्या किंवा बंदरावर मासळीची पाटी उचलणाऱ्या बायकांनी कासोटा घातला तो हालचालीसाठी, पण त्यात बांधा रेखीव दिसतो हेही तितकंच खरं. बुटक्या बाया नऊवारीत ठसठशीत दिसतात याचं श्रेय मी काठाच्या या दिशेला देते. भावाच्या लग्नात मोठ्या काठाचीच साडी नेसायची असेल तर ती नऊवारी नेसा, आणि शिवलेली नको, नेसलेली. शिवलेल्या नऊवारीत काठ कुठे यावा हे आधीच ठरलेलं असतं. नेसताना तो तुमच्या पोटरीच्या बेताने वळवता येतो.

सहावारीच नेसणार असाल तर काठ दोन-तीन इंचांचा घ्या आणि ब्लाउजकडे जास्त लक्ष द्या. काठाच्या रंगाचं विरुद्ध ब्लाउज घालायची आपल्याकडे रीतच आहे. दिसतं छान, पण अंगाचे दोन तुकडे पाडतं. साडीच्या अंगाच्या रंगाचं ब्लाउज घातलंत तर खांद्यापासून पावलापर्यंत रंग सलग राहतो. बाहीचंही तसंच. खणाच्या चोळीचा काठ बाहीच्या टोकाला येतो. ती बाही दंडाच्या सगळ्यात भरल्या जागी संपली, की नजर नेमकी तिथे थांबते. बाही कोपराच्या थोडी वर आणून संपवा, म्हणजे तो सुंदर काठही दिसेल आणि दंडही बारीक वाटेल. गळ्याच्या बाबतीत शिंप्यांचा अनुभव मला पटतो : खोल, निमुळता गळा मान लांब दाखवतो, बंद गोल गळा आखूड.

मात्र या सगळ्याच्या आधी येतं ते माप. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरून इंचभर जरी खाली घसरली, तरी माणूस पोक काढल्यासारखा दिसतो. मुंढा खोल कापला की हात वर करताना अख्खं ब्लाउज वर चढतं. टक्स चुकीच्या जागी आले की कापड छातीखाली फुगतं. हे दोष झाकणारी रेघ नाही आणि रंगही नाही. शिंपीकाकांकडे एक जादा ट्रायल मागा, आणि ट्रायलला लग्नात घालणार तीच आतली बॉडी, त्याच चपला घालून जा.

कापडाची पडही बघून घ्या. खळ दिलेली सुती साडी सकाळी ताठ असते, निऱ्या पंख्यासारख्या फुलतात आणि कंबर रुंद होते. दुपारच्या दमट हवेत खळ उतरते आणि तीच साडी ढिली पडते. जॉर्जेट घामाने अंगाला चिकटतं. मे महिन्यात रत्नागिरीत मऊ, किंचित वजनदार रेशमी-सुती कापड उत्तम, कारण ते सरळ खाली पडतं आणि चिकटत नाही. दुकानात साडी खांद्यावर टाकून आरशाला चिकटून उभ्या राहू नका. दहा पावलं मागे या. सोबत येणाऱ्या कोणाला फोटो काढायला सांगा, पण फोन छातीच्या उंचीवर आणि जरा लांब धरायला सांगा. डोक्याच्या पातळीवरून जवळून काढलेल्या फोटोत कोणाचेही पाय आखूडच येतात.